ते आकडे कुठं गेले?

पोस्ट जरा मोठी आहे, पण पाण्याची आहे. वेळ काढून वाचा.

परवा शेजारच्या गावात ग्रामसभा होती. विषय नाला खोलीकरणाचा दुसरा टप्पा घ्यायचा की नाही. एक गट म्हणतो, पहिल्या कामानं विहिरींचं पाणी वाढलं. दुसरा म्हणतो, मधली काही वर्षं पाऊस चांगला झाला म्हणून वाढलं, खोलीकरणात भलं झालं ते ठेकेदाराचं. दोन तास नुसता कालवा. मी मागं बसून टिपण घेत होतो. तेवढ्यात एक आजोबा उठले आणि थेट माझ्याकडं बघून म्हणाले, "अवो पत्रकार, ते कॉलेजचं पोरगं दोन वर्सं आमच्या हिरीत टेप सोडून पाणी मोजत व्हतं की. तुमीच बातमी छापली व्हती. कुठं गेले ते आकडे?"

सभेत सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. उत्तर माझ्याकडं नव्हतं.

बातमी मीच छापली होती. २०१५-१६ चा दुष्काळ. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेच दिवस. पीएचडी करणारा एक मुलगा दर महिन्याला मोटारसायकलवर यायचा आणि चाळीसेक विहिरींची पातळी मोजून जायचा. खोलीकरणाच्या आधीची आणि नंतरची, दोन्ही मापं त्याच्याकडं होती. त्यानं सगळी एक्सेल फाईल मला पेनड्राईव्हवर दिली. मी त्यातला एक आकडा उचलला, 'विहिरींनी गाठला तळ' असा मथळा दिला आणि विसरलो. पुढं काँप्युटर बिघडला, दुकानदारानं विचारलं, "फॉरमॅट मारू का?" मी म्हणालो, "मार."

ग्रामसभेवरून आलो आणि रात्री शोधगंगा उघडली. पीएचडीचे प्रबंध तिथं ऑनलाईन ठेवायचे, असा यूजीसीचा २००९ चा नियम आहे. प्रबंध सापडला! आनंद दहा मिनिटं टिकला. आत सगळ्या विहिरींची मिळून सरासरी आणि तिचा आलेख. विहिरींना नावं वि-१, वि-२, वि-३. कुठली वि-७ आणि कुठली वि-१९, ते ज्या नकाशात आहे तो झेरॉक्सची झेरॉक्स असावा असा काळाकुट्ट. आणि पाणी इतके मीटर खाली, पण कुठून खाली? कठड्यापासून की जमिनीपासून? आमच्याकडं एखाद्या विहिरीचा कठडा तीन फुटांचा, एखादीला कठडाच नाही. म्हणजे वाद ज्या फुटा-दोन फुटांवर चाललाय, तेवढी चूक मापातच.

मुलाला फोन लावला. आता तो दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला आहे. बिचारा ओशाळला. "सर, तो लॅपटॉप कधीच विकला. गाईडकडं सीडी दिलेली." गाईड निवृत्त. विभागात गेलो तर कळलं, नॅकची कमिटी यायच्या आधी कपाटं साफ केली होती.

दोष त्या मुलाला देववत नाही. उन्हातान्हात हिंडून त्यानं मोजलं. पण पदवी प्रबंधाला मिळते, आकडे जपायला अर्धा मार्कही नाही. मग कोण जपेल?

जगात यावर बराच विचार झालाय. २०१६ साली काही शास्त्रज्ञांनी चार साध्या गोष्टी मांडल्या. माहिती सापडली पाहिजे, मिळाली पाहिजे, दुसऱ्या माहितीशी जुळली पाहिजे आणि पुन्हा वापरता आली पाहिजे. विहिरीच्या भाषेत सांगायचं तर विहीर कुठं, कधी मोजली, कशापासून मोजली, हे आकड्यासोबतच लिहा आणि पीडीएफच्या चित्रात न कोंबता ज्यावर हिशेब करता येईल अशा फाईलमध्ये ठेवा. आपल्या केंद्र सरकारचंही २०१२ पासून धोरण आहे, की सरकारी पैशातून जमवलेली, गोपनीय नसलेली माहिती लोकांना खुली असावी. धोरण कागदावर चांगलंय.

खुलं केलं की काय होतं ते बघा. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाची चित्रं पूर्वी विकत घ्यावी लागायची. २००८ मध्ये ती फुकट केली आणि वापर कित्येक पटींनी वाढला. आज आपल्याकडचं कुठलं धरण किती आटलं, हे घरबसल्या बघता येतं ते त्यामुळंच.

एक प्राध्यापक मित्र म्हणाला, "आधीच आकडे खुले केले तर दुसराच पेपर छापून मोकळा होईल." भीती खोटी नाही. पण त्यावर उपाय आहेत. झेनोडो नावाची एक साईट आहे, युरोपातली सर्न ही संस्था चालवते. तिथं फाईल फुकट ठेवता येते, ठरावीक तारखेपर्यंत बंदही ठेवता येते. आणि तिला कायमचा क्रमांक मिळतो, म्हणजे वापरणाऱ्याला तुमचं नाव देता येतं. शेतकऱ्यांची नावं मात्र काढूनच ठेवावीत. कुणाच्या विहिरीला मे महिन्यात पाणी आहे हे गावभर व्हायला नको, ही आजोबांची सूचना!

राज्याचं भूजल खातं आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतं. पण अशी विहीर प्रत्येक गावात नसते. या नाल्याकाठचा हिशेब त्या पोराच्या वहीतच होता.

ग्रामसभेत शेवटी हात वर करून ठराव मंजूर झाला. दुसरा टप्पा होणार. पहिल्यानं किती पाणी वाढलं, कुणालाच ठाऊक नाही.

काम सुरू व्हायला अजून अवकाश आहे. येत्या रविवारी हायस्कूलची पोरं, आजोबा आणि मी नाल्याकाठच्या विहिरी मोजणार आहोत. प्रत्येक विहिरीवर रंगानं खूण करायची, त्या खुणेपासूनच माप घ्यायचं, तारीख टाकायची. फाईलची लिंक इथंच देईन. त्या मुलाबरोबर तेव्हा कुणी टेप धरली असेल, कुणाच्या डायरीत, मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर आकडे लिहिलेले असतील, तर फोटो काढून मला पाठवा. खोडलेलं, अर्धवट, कसंही चालेल.