निम्मं, निम्मं, पुन्हा निम्मं

मोडेमचं केकाटणं सगळ्यांनाच आठवतं, त्यावर लिहूनही खूप झालंय. आमच्या पिढीला खरं छळलं ते त्यानंतर स्क्रीनच्या कोपऱ्यात उगवणाऱ्या आकड्याने. व्हीएसएनएलने 15 ऑगस्ट 1995 ला देशात इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, पण आमच्यासारख्यांच्या घरी ते पोचेपर्यंत शतक संपत आलं होतं. मोडेमच्या खोक्यावर 56 केबीपीएस छापलेलं. प्रत्यक्षात कधी 44, कधी 49.2, आणि पावसाळ्यात लाइनीत पाणी शिरलं की 28. एखाद्याकडे थेट 115.2 दिसायचं आणि तो वर्गात भाव खायचा. तो वेग कॉम्प्युटरपासून मोडेमपर्यंतच्या हातभर केबलचा असतो, फोनच्या तारेचा नव्हे, हे त्याला सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं.

गाणं उतरवायला लावलं की दुसऱ्या खिडकीत यायचं : सेकंदाला 4.1 केबी. 49 कुठे आणि 4 कुठे! कंपनी बिटांत मोजते, खिडकी बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट. भागून सहा यायला हवेत, त्यातले दोन खरखर आणि गर्दी खाऊन टाकायची. आजीने हे ऐकून निकाल दिला, "म्हणजे शेर सांगतात नि नवटाक हातावर ठेवतात." इतकं नेमकं आम्हाला पुढे कॉलेजातही कुणी समजावलं नाही.

बाबांना कागद लागायचा नाही. पावकी-निमकी पाठ असलेली ती पिढी. आठाने भागायचं म्हणजे तीनदा निम्मं करायचं : छप्पन्न, अठ्ठावीस, चौदा, सात. पण त्यांचा खरा हिशेब पल्सचा. चार एमबीचं गाणं म्हणजे सतरा मिनिटं, तीन मिनिटांचा पल्स, "एका गाण्याला सहा कॉल? कॅसेट आणा ना!" तेवढा वेळ फोन एंगेज, आणि दुसऱ्या दिवशी मावशीची विचारणा, "रिसीव्हर काढून ठेवता काय गं तुम्ही?"

2004 च्या धोरणाने 256 केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचं ठरवलं. वर्षा-दोन वर्षांत ते घरोघरी आलं आणि फोन मोकळा झाला. 256, 128, 64, 32. खिडकीत मात्र 31 च्या वर काही जाईना, कारण कंपनीचा किलो हजाराचा आणि कॉम्प्युटरचा 1024 चा. हा फरक कळल्यावर आम्हाला उगाचच विद्वान झाल्यासारखं वाटायचं.

मग आली रात्रीची सवलत. दोन ते आठ कितीही उतरवा, मोजणार नाही. सगळी पोरं दोनचा गजर लावून उठायची. लिनक्सची एक सीडी 700 एमबीची. सेकंदाला 30 केबी धरले तर सहा तास अडतीस मिनिटं. सवलत सहा तासांची! म्हणजे अडतीस मिनिटं कायम उद्यावर. अर्धवट राहिलेलं तिथूनच पुढे उतरवणारं सॉफ्टवेअर तेव्हा मित्राकडून आणलेल्या सीडीवर मिळायचं, आणि मुलीच्या लग्नाचे दागिने जपावेत तशी ती सीडी जपली जायची. तरी भारनियमन होतंच. ते नसलं तर पहाटे पाणी भरायला उठलेली आई होती : "रात्रभर काय जळतंय ते?" आणि खट्कन बटण बंद.

ब्रॉडबँडची किमान मर्यादा पुढे 512 झाली, 2023 पासून दोन एमबीपीएस. आम्ही त्याच्या कितीतरी पुढे गेलेलो. ती 700 एमबीची सीडी शंभरच्या लाइनीवर मिनिटाच्या आत उतरते, फक्त ती लावायला घरात ड्राइव्ह उरलेला नाही.

परवा फायबर जोडायला आलेल्या मुलाने मोबाइलवर वेग मोजून दाखवला : 94. बाबा चष्मा वर करून पुटपुटले, "सत्तेचाळीस, साडेतेवीस... पावणेबारा आले."

"नाही काका, चौऱ्याण्णव," मुलगा म्हणाला आणि त्याने स्क्रीन आणखी जवळ नेली.