बिननावाची चिठ्ठी

आमच्या शाळेची तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर होती. चिठ्ठी कोणी टाकली, हे मधल्या सुट्टीपर्यंत शाळाभर व्हायचं. म्हणून ती रिकामी असायची, आणि रिकामी पेटी म्हणजे सगळं ठीक, असं मी वर्षानुवर्षं धरून चालले.

एका शुक्रवारी सकाळी पेटीत वहीचं घडी घातलेलं पान निघालं. ‘माझी मैत्रीण डबा खात नाही. म्हणते, मी नसले तरी कुणाला काय फरक पडतो. मी सांगितलं हे तिला कळू देऊ नका.’ नाव नाही, वर्ग नाही.

मी निबंधाच्या वह्या काढल्या, अक्षर जुळवायला. पाचव्या वहीशी हात थांबला. जिने विश्वासाने सांगितलं, तिलाच मी हुडकायला निघाले होते. वह्या मिटल्या आणि डब्याच्या सुट्टीत वर्गावर्गातून फिरले. सातवीत शेवटच्या बाकावर एक डबा बंद होता. त्या मुलीजवळ बसले. दुपारी तिची आई आली, मग समुपदेशकही.

एक प्रश्न मात्र अजून सलतो. पेटी आठवड्यातून एकदाच उघडायची. ती चिठ्ठी किती दिवस आत पडून होती?

निरोप असा पडून राहू नये, याची सोय इतरत्र झाली आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत 1999 साली कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला. त्यानंतर तिथे 2004 मध्ये ‘सेफ टू टेल’ ही निरोप कळवण्याची व्यवस्था सुरू झाली. मूल कुठल्याही वेळी नाव न सांगता कळवू शकतं, आणि ओळख न विचारता त्याला उलट प्रश्नही करता येतो. व्यवस्था उभी राहिली हिंसा टाळण्यासाठी. पण तिथे येणाऱ्या निरोपांत आत्महत्येच्या विचारांविषयीची काळजी वरच्या क्रमांकावर असते. मुलांना एकमेकांचं दुःख आपल्याआधी कळतं.

आपल्याकडे 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याची घटना उघडकीस आल्यावर तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीचा शासनाने पुन्हा आग्रह धरला. आदेश योग्यच आहे. पण भिंतीवर पेटी ठोकली म्हणून मुलं बोलत नाहीत. मागच्या चिठ्ठीचं काय झालं, यावर त्यांची नजर असते.

आमची पेटी आता जिन्याच्या वळणावर आहे. वर 1098 आणि 14416 हे मदतीचे क्रमांक ठळक लिहिलेत. शिक्षकांनो, तुमच्या शाळेतली पेटी रोज उघडा, आणि अक्षर कुणाचं ते शोधू नका.