जुना लॅपटॉप, पंख्याचा आवाज आणि फर्मवेअर : उन्हाळ्यातल्या नोंदी



आजची नोंद पिकाची नाही, पिकाच्या नोंदी ज्या मशीनमध्ये राहतात त्या मशीनची आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात एखादा जुना लॅपटॉप असतो. पोरांच्या शिक्षणाला घेतलेला, नाहीतर कुठल्या ऑफिसातून निघालेला सेकंडहँड. हिशेब, फवारणीची डायरी, पाण्याच्या पाळ्या सगळं त्यावरच. उन्हाळा लागला की तो घोंघावतो, तापतो आणि दुपारी मधेच बंद पडतो. दुकानात नेला की उत्तर ठरलेलं: नवीन घ्या. मला ३५ हजारांचा आकडा सांगितला होता. तो न घालवता मार्च ते मे या काळात काय केलं आणि कशानं किती फरक पडला, ते क्रमानं लिहितो.

मशीन २०१२ सालच्या बनावटीचं, ऑफिस वापराचं आहे. आत इंटेलचा तिसऱ्या पिढीतला आय-५ प्रोसेसर, ३५ वॅटचा. साधा वेग २.६ गिगाहर्ट्झ, टर्बोमध्ये ३.३ पर्यंत जातो. त्यावर लिनक्स टाकलेलं आहे. बागेतल्या छोट्या हवामान केंद्राचा रिसीव्हर याच लॅपटॉपला जोडलेला असतो. तापमान, आर्द्रता आणि पान किती वेळ ओलं राहिलं, याची दर १५ मिनिटांनी नोंद होते. लॅपटॉप बंद म्हणजे नोंद बंद.

द्राक्षवाल्यांना यातलं दुखणं सांगायला नको. ऑक्टोबर छाटणीनंतर पावसाळी हवा आली की डाऊनीची फवारणी आज घ्यायची का उद्या, हे पान किती तास ओलं होतं त्यावर ठरवावं लागतं. शिवाय निर्यातीचा माल असेल तर कोणतं औषध कोणत्या तारखेला मारलं आणि काढणीआधी किती दिवस सोडले, याची डायरी चोख लागते. माझ्या ७ हंगामांच्या नोंदी यात आहेत. मार्चअखेरीस एका आठवड्यात मशीन ३ वेळा बंद पडलं, तिन्ही वेळा दुपारी १ ते ४ मध्ये. खरड छाटणीच्या दिवसांत दोन तासांचा खाडा चालतो. ऑक्टोबरात चालत नाही. म्हणून त्याआधी हे सोडवायचं ठरवलं.

पुतण्या कॉलेजला आहे, तो सुट्टीला आला होता. तो लगेच म्हणाला, "काका, पंख्याचं फर्मवेअरच बदलू. आवाज गप करतो."

म्हटलं, "थांब. आधी आकडे घेऊ."

चुनखडीच्या रानात पान पिवळं पडलं म्हणून नुसतं लोह ओतत बसलं तर काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. लोह जमिनीत असतं, मुळाला मिळत नसतं. इथंही तसंच बघायचं होतं. उष्णता जास्त तयार होतेय, का बाहेर पडत नाही, का पंखा चुकीच्या वेळी फिरतोय? तिन्हीचा आवाज सारखाच येतो.

दुपारी २ ला सोप्यात ३८ अंश होतं. लॅपटॉप नुसता चालू ठेवला तर प्रोसेसर ७१ अंशांवर. १० मिनिटं पूर्ण ताण दिला तर ९८ ते १०१, आणि पंखा मिनिटाला ४५०० फेऱ्यांवर. इंटेलनं या प्रोसेसरला १०५ अंश ही कमाल मर्यादा दिलेली आहे. त्याच्या जवळ गेलं की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग पाडतो, तेवढ्यानं भागलं नाही तर मशीन बंद होतं. म्हणजे बंद पडणं हा बिघाड नव्हता, बचाव होता. मोटर जळू नये म्हणून स्टार्टर पडतो, तसाच.

पहिलं काम उघडून साफ करण्याचं. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे धुळीचा अक्षरशः नमदा बसला होता. वारा येत होता पण जाळीतून जात नव्हता. ब्लोअरनं फुंकर मारायची असेल तर पंख्याचं पातं काडीनं अडवून धरा. नाहीतर तो क्षमतेपेक्षा जोरात फिरतो आणि बेअरिंग जातं. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झाली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून नवीन थर्मल पेस्ट लावली, तीही पातळ. तिथं मशीनचं ग्रीस चालत नाही. आणखी एक: भुरीसाठी गंधकाची भुकटी वापरत असाल तर ती पोती आणि लॅपटॉप एका खोलीत ठेवू नका. गंधकानं चांदीचे पैंजण काळे पडतात, तसेच आतले चांदी-तांब्याचे जोडही खराब होतात.

एवढ्यानं पूर्ण ताणातलं तापमान ९८-१०१ वरून ८९ वर आलं. दुपारचं बंद पडणं थांबलं. आवाज मात्र होताच, उलट जास्त विचित्र झाला. पंखा एकदम जोरात सुटायचा, अर्ध्या मिनिटात गप व्हायचा, परत सुटायचा. दिवसभर हेच. दुपारी सोप्यात पडलेली आई वैतागून म्हणाली, "अरे, त्या डब्यात भुंगा शिरलाय का बघ की."

आता फर्मवेअरकडं वळायची वेळ आली. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या चिपमध्येच भरलेला कार्यक्रम. ठिबकच्या ऑटोमेशनच्या कंट्रोलरमध्ये कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा हे भरलेलं असतं, तसं. लॅपटॉपमध्ये असे दोन महत्त्वाचे. एक बायोस, जे मशीन चालू होताना सगळ्यांना जागं करतं. दुसरं एम्बेडेड कंट्रोलरचं. ही वेगळी छोटी चिप असते. कीबोर्ड, बॅटरीचं चार्जिंग आणि पंखा तिच्याकडं. विंडोज किंवा लिनक्स अडकून पडलं तरी ती आपलं काम करत राहते. किती अंशाला पंखा किती फिरवायचा, याचा तक्ता तिच्यात असतो.

पंखा सुटतो-थांबतो याचं कारण त्या तक्त्यात होतं. पाण्याच्या टाकीचं उदाहरण घ्या. टाकी ९० टक्के झाली की मोटर बंद आणि ८८ टक्क्यांवर आली की चालू, असा फ्लोट लावला तर मोटर दिवसभर चालू-बंद होत राहील. आपण काय करतो? ९० ला बंद, ४० ला चालू. मधे मोकळी जागा सोडतो. माझ्या लॅपटॉपात पंखा चालू व्हायचा आकडा आणि बंद व्हायचा आकडा यांत जेमतेम ३-४ अंश होते. ऑफिसच्या एसीत २४ अंशांना ते चालून जात असेल. आपल्या पत्र्याखालच्या ३८ अंशांत तापमान दिवसभर त्याच दोन आकड्यांमधे घुटमळतं.

उपाय तीन पायऱ्यांत केला.

पहिली पायरी, बायोस आणि कंट्रोलरचं फर्मवेअर अद्ययावत केलं. कंपनीच्या संकेतस्थळावर माझ्या मॉडेलची शेवटची फाइल होती आणि बदलांच्या यादीत पंख्याच्या नियंत्रणाचाही उल्लेख होता. हे काम जपून करायचं असतं. मागच्या बाजूचा मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. फाइल कंपनीकडूनच घ्यायची, कुणी पाठवलेली नाही. बरेचदा नवीन आवृत्ती चढली की मागं येता येत नाही. आणि चिप लिहिली जात असताना लाईट गेली तर बोर्ड कायमचा मुका होऊ शकतो. आपल्याकडची लाईट आपल्याला माहीत आहे. म्हणून बहुतेक लॅपटॉप चार्जर जोडलेला आणि बॅटरीत पुरेसा चार्ज असल्याशिवाय हे काम सुरूच करू देत नाहीत. माझी बॅटरी पार बसलेली, मशीननं नकार दिला. पुतण्याच्या मित्राकडं तेच मॉडेल होतं, त्याची बॅटरी एका संध्याकाळपुरती आणली. त्याआधी ७ हंगामांच्या नोंदी पेन ड्राइव्हवर काढून पेन ड्राइव्ह कपाटात ठेवला. सगळं काम पाचेक मिनिटांचं, पण त्या पाच मिनिटांत घरात कुणी बोललं नाही. यानंतर पंख्याची उचकी कमी झाली, पूर्ण गेली नाही.

दुसरी पायरी, उष्णता तयार होणंच कमी केलं. बायोसमध्ये तापमान व्यवस्थापनाचा पर्याय होता. चार्जरवर असताना 'जास्तीत जास्त कामगिरी' होतं, ते 'संतुलित' केलं. मग टर्बो बंद केला. काही लॅपटॉपच्या बायोसमध्येच टर्बोचा पर्याय असतो. माझ्यात नाही, म्हणून लिनक्समधून केला. टर्बो बंद करून एवढा फरक का पडतो? वेग वाढवायला व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शेवटच्या थोड्या वेगासाठी खूप उष्णता मोजावी लागते. डायरी आणि हवामानाच्या नोंदींना तो वेग लागतच नाही. पूर्ण ताणातलं तापमान ८९ वरून ७८ वर आलं. तोटा एवढाच की रानाचा उपग्रह नकाशा उघडायला थोडा जास्त वेळ लागतो.

तिसरी पायरी, पंख्याचा तक्ता स्वतःचा दिला. माझ्या मॉडेलचा लिनक्स ड्रायव्हर कंट्रोलरला पंख्याच्या पायऱ्या सांगू देतो. मात्र ती परवानगी मुद्दाम चालू करावी लागते. आम्ही पायऱ्या एकमेकींवर चढवल्या. ६० अंशांना दुसरी पायरी लागते, पण ५० च्या खाली आल्याशिवाय उतरत नाही. ७० ला चौथी, ती ५८ ला उतरते. ८५ च्या वर पूर्ण वेग. उन्हाळ्यात पंखा पूर्ण बंद ठेवायचाच नाही, मंद का होईना फिरत राहू दे, असं ठरवलं. यात एक सोय मला फार आवडली. आपला प्रोग्राम ठराविक वेळेत, जास्तीत जास्त १२० सेकंदांत, हजेरी देत राहिला पाहिजे. तो अडकला, हजेरी चुकली, की पंखा परत कंट्रोलरच्या ताब्यात जातो. तशी सोय दिली नसती तर हे केलंच नसतं.

सतत मंद फिरणारा पंखा का परवडतो, ते पंपावरून कळेल. ज्यांनी मोटरला व्हीएफडी लावलाय त्यांना माहीत आहे: फेऱ्या २० टक्क्यांनी कमी केल्या तर पाणी २० टक्क्यांनी कमी होतं, पण लागणारी ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. पंख्यालाही तोच नियम. आवाज तर त्याहून झपाट्यानं उतरतो. फेऱ्या निम्म्या केल्या की साधारण १५ डेसिबल कमी, आणि १० डेसिबलची घट कानाला अर्धा आवाज वाटते. माझा पंखा आता ताणात ४५०० ऐवजी ३३०० वर चालतो, एरवी त्याहून कमी.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोप्यात ४० अंश होतं तेव्हा परत मोजलं. नुसता चालू असताना ५८, पूर्ण ताणात ७९. तीन आठवड्यांत एकदाही बंद पडला नाही, हवामानाच्या नोंदीत एकही खाडा नाही. आईनं एका दुपारी विचारलं, "लाईट गेलीय का रं?" लॅपटॉप तिच्या उशाशीच चालू होता.

पुतण्याला अजून पुढं जायचं होतं, कोअरबूट टाकू म्हणत होता. तो मोकळ्या परवान्याचा बायोसचा पर्याय आहे. १९९९ मध्ये लिनक्सबायोस नावानं सुरू झाला, २००८ मध्ये नाव बदललं. काही जुन्या मॉडेलांवर चालतो, पण बरेचदा बोर्डवरच्या चिपला क्लिप लावून तो भरावा लागतो. आणि तो टाकला तरी बऱ्याच लॅपटॉपात पंखा सांभाळणारी चिप कंपनीच्याच फर्मवेअरवर राहते. आवाजासाठी म्हणून त्याचा आपल्याला उपयोग नव्हता. शिकायचं असेल तर भंगारातला एखादा घे म्हटलं, नोंदींचा नको.

खर्च सांगतो: पेस्ट आणि अल्कोहोल मिळून ४०० रुपयांच्या आत. बॅटरी उसनी. बाकी दोन रविवार.

क्रम मात्र बदलू नका. आधी धूळ आणि पेस्ट, मग उष्णता कमी, पंख्याचा तक्ता सगळ्यात शेवटी. जाळी तुंबलेली असताना फर्मवेअरनं पंखा गप केला तर आवाज जाईल आणि मागोमाग मशीनही जाईल. कुणाला करायचं असेल तर सुरू करण्याआधी वहीत तीन आकडे लिहा: खोलीचं तापमान, नुसतं चालू असतानाचं तापमान आणि १० मिनिटं ताण दिल्यावरचं. प्रत्येक बदलानंतर दुपारी त्याच वेळेला परत मोजा, आणि एका दिवशी एकच बदल करा. कशानं फरक पडला ते मग तुमचं तुम्हालाच दिसेल.