जुनं इंजिन घ्यायचंय? आधी चालवून बघा!

मुलांनो, जुनी सायकल घेताना तुम्ही काय करता? ब्रेक दाबता, चाक फिरवता, एक चक्कर मारून येता. विजेवर धावणाऱ्या छोट्या आगगाडीचं जुनं इंजिनही असंच घ्यायचं असतं.

अशा गाड्या पुण्याला कोथरूडच्या जोशी संग्रहालयात तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. पण जुन्या इंजिनांचा मोठा बाजार इंग्लंडात. फ्रँक हॉर्नबी यांनी तिथे १९२० साली खेळण्यातल्या गाड्या विकायला काढल्या.

गेल्या मे महिन्यात मी ताईकडे लेस्टरला गेले होते. तिच्या मुलाने त्याचे जुने रूळ आणि डबे माझ्या चौथीच्या वर्गाला दिलेत. रूळ होते, डबे होते, इंजिनच नव्हतं! निघताना मुलांनी बजावलं होतं, "बाई, चालणारंच आणा हं!" जवळ तीस पौंड. त्यात एकच इंजिन येणार.

तिथे रविवारी एका सभागृहात जुन्या खेळण्यांचा बाजार भरतो. एका आजोबांच्या टेबलावर दोन इंजिनं होती. एक लाल, चकचकीत, खोक्यासकट. दुसरं काळं, रंग उडालेलं. ताई म्हणाली, "अगं, लालच घे. नवंकोरं दिसतंय."

मी दोन्ही उलटी करून पाहिली. दोन्हींची चाकं १६.५ मिलिमीटरच्या रुळांची, म्हणजे आमच्याच मापाची. मग नऊ व्होल्टच्या बॅटरीची एक तार डाव्या चाकाला, दुसरी उजव्या चाकाला टेकवली. ही इंजिनं १२ व्होल्टवर चालतात, तेव्हा तपासायला नऊ पुरे. (घरातल्या प्लगची तार मात्र कधीही लावायची नाही, बरं का!) लाल इंजिन नुसतं गुरगुरलं, आणि जरा जळकट वास आला. वर्षानुवर्षं खोक्यात पडून राहिलं की आतलं वंगण सुकून चिकट होतं. काळ्याची चाकं मात्र लगेच भिरभिरली. तारांची अदलाबदल केली, तर उलटी फिरली. छान!

मग टेबलावरच्या हातभर रुळावर ते अगदी सावकाश चालवलं. जोरात सोडलं तर कुठलंही इंजिन बरं वाटतं. खोड कळते ती हळू चालताना. दोनदा ते अडखळलं. आजोबांनी स्पिरिटचा बोळा चाकांवरून फिरवला, तर बोळा काळाकुट्ट! चाकांवर मळ बसला की वीज नीट पोचत नाही. त्यानंतर ते एकदाही थांबलं नाही.

"लाल दुरुस्त होईल," आजोबा म्हणाले, "पण ज्याला दुरुस्ती येते त्यानेच न्यावं." मला हे फार आवडलं. काळं इंजिन बावीस पौंडांना मिळालं.

आता ते वर्गात चार डबे ओढतं. पाचवा लावला की चाकं जागच्या जागी गरगरतात. वजन वाढलं की चाकांची रुळावरची पकड वाढते, म्हणून मुलं इंजिनाच्या टपावर पाच रुपयांची नाणी ठेवून बघतायत. तीन ठेवून झाली. पाचवा डबा अजून हललेला नाही.