नाण्याएवढी कासवे

गेल्या वर्षी धाकट्या मुलीच्या वाढदिवसाला मी दोन कासवे आणली. नाण्याहून जराशी मोठी, हिरवी पाठ, डोळ्यांमागे तांबडा पट्टा. दुकानदाराने काचेचा वाडगा, रंगीत खडी आणि वाळलेल्या कोळंबीची डबी दिली. "एवढ्यात भागतं साहेब, ही वाढत नाहीत," म्हणाला. मी बी.कॉम. झालेला कारकून, दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब तपासतो. पण तिथे एक प्रश्न विचारला नाही.

सात रस्त्याच्या आमच्या घरात वाडगा टीव्हीशेजारी ठेवला. शेजारच्या ताई म्हणाल्या, कासव उत्तरेला ठेवा, पैसा येतो. पैसा काही आला नाही. दोन महिन्यांत एका पिलाचे डोळे सुजले, कवच बोटाने दबू लागले आणि एका सकाळी ते हललेच नाही. मुलीने विचारले, "पप्पा, त्याला काय कमी पडलं?"

उत्तर नव्हते. म्हणून जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, नुसत्या कोळंबीने पोट भरते, कवच भरत नाही. कवचाला कॅल्शियम हवे आणि ते अंगी लागायला ऊन हवे. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन उपयोगाचे नाही, हवे ते किरण काचेतच अडतात. आणि 'वाढत नाहीत' हे तर साफ खोटे. हे मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातले कासव. मादी फूटभर होऊ शकते आणि वीस-तीस वर्षे जगते.

उरलेल्या एकासाठी तीन फुटी जुनी टाकी घेतली. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, म्हणून लोखंडी स्टँड करून घेतला. खडी काढली, कारण पिले ती गिळतात. तोंडात मावणार नाहीत असे दगड घातले. एका बाजूला विटेवर फरशीचा तुकडा तिरका टेकवला, त्यावर चढून ते अंग वाळवते. वर बल्ब.

पाण्याचे मात्र अवघड. आमच्या भागात नळ रोज येत नाही. आला की एक पिंप भरून उघडे ठेवतो, क्लोरीन उडून जाते. खाऊ वेगळ्या टबात घालतो, म्हणजे टाकी लवकर घाण होत नाही. काढलेले पाणी कढीपत्त्याला. सकाळी अर्धा तास घमेल्यात कोवळे ऊन, अर्ध्या भागावर पाटी, आणि कावळ्यावर नजर ठेवायला आई. उन्हाळ्यात पत्र्याखाली टाकी तापू लागली तेव्हा ती मोरीजवळच्या गारव्यात हलवली. हाताळल्यावर साबणाने हात धुणे सक्तीचे. या पिलांच्या अंगावरच्या साल्मोनेला जंतूंनी मुले आजारी पडत, म्हणून अमेरिकेने 1975 साली चार इंचांहून लहान कासवांची विक्रीच बंद केली.

आई म्हणाली, "सोड की सिद्धेश्वर तलावात, जीव मोकळा हुईल." तिला समजावले की हे परके कासव तिथल्या आपल्या कासवांचे खाणे आणि उन्हाची जागा बळकावेल. आपली तारा कासवे किंवा तळ्यातली कासवे घरी आणणे हा तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच. आईला पटले की नाही, ठाऊक नाही. पण कावळे ती हाकलतेच.

आता कासव वाटीएवढे झाले आहे. परवा मुलगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही रिटायर व्हाल तेव्हा हे केवढं असेल?"

"थाळीएवढं," मी म्हणालो.

तेवढी मोठी टाकी या दोन खोल्यांत कुठे ठेवायची, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.