हळदीच्या वाफ्यावर आमरी

ही आमरी मी पहिल्यांदा पाहिली ती सावंतवाडीला, नणंदेच्या अंगणात, जुलैच्या धो धो पावसात. जांभ्याच्या गडग्याला लागून पोफळीच्या रोपासारखी चुण्यांची लांब पानं, आणि मधून सरळ वर आलेल्या दांड्यावर लिंबाच्या सालीसारखी पिवळी फुलं. ऑर्किड म्हणजे फांदीला बिलगलेलं नाजूक प्रकरण, अशी माझी समजूत. ही तर चक्क जमिनीत वाढत होती. शास्त्रीय नाव स्पॅथोग्लॉटिस. रोपवाटिकेत नुसतं ‘ग्राउंड ऑर्किड’ म्हणतात. "हिला काही करावं लागत नाही, वहिनी," असं म्हणत नणंदेने चार कंद वर्तमानपत्रात गुंडाळून दिले.

वाशिमला आल्यावर मीही काही केलं नाही. तिथेच चुकलं.

परसात काळी माती. शेतकरी तिच्यावर जीव टाकतात, पण पावसाळ्यात ती फुगते आणि पाणी खाली सोडतच नाही. सावंतवाडीला आमच्या कितीतरी पट पाऊस पडतो, तरी जांभ्यातून तो वाहून जातो. आमचा थोडका पाऊस मात्र मुळांशी ठाण मांडून बसतो. श्रावणात पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. चुनखडीच्या रानात सोयाबीनही असंच पिवळं पडतं, म्हणून मी लोह फवारलं. भाद्रपदात एक रोप हाताने सहज उपटून आलं. कंद पिचपिचीत झाला होता आणि त्याला वास येत होता.

शेजारचे काका रिसोडकडचे, पिढीजात हळदवाले. त्यांनी कंद नाकाशी नेला आणि म्हणाले, "कुजली वं बाई. आमच्या हयदीले असंच होते. सपाट जमिनीत लावली काय?"

हळदीची कंदकुज मला ऐकून माहीत होती. पण शोभेच्या झाडाचं दुखणं हळदवाल्याला विचारावं, हे मात्र सुचलं नव्हतं. पुढच्या जूनच्या आधी काकांनीच उभं राहून गादीवाफा करून घेतला. वीतभर उंच, त्यात मुरूम, विटांचे तुकडे, नारळाच्या शेंड्या, पालापाचोळ्याचं खत आणि थोडंसं जुनं शेणखत. काळी माती जवळजवळ नाहीच. चारपैकी दोन कंद वाचले होते. ते अर्धे उघडे ठेवूनच लावले. पुरले की पुन्हा तेच.

उन्हाळ्याची मला फार धास्ती होती. मे महिन्यात इथे पारा चव्वेचाळीसला टेकतो. वाफा घराच्या पूर्वेला, दुपारनंतर भिंतीची सावली, वर हिरवी जाळी. पानांची टोकं करपली, पण कंद टिकला. खरा त्रास बोअरच्या पाण्याचा. खारट, जड पाणी, विटांवर पांढरा थर धरतं. म्हणून पत्र्यावरचं पावसाचं पाणी दोन पिंपांत साठवते आणि ते फक्त हिच्यासाठी. घरातल्यांनी यावर बोलायचं आता सोडलंय.

पोळ्याच्या सुमारास दांडा आला. यातली गंमत अशी, की फुलं एकदम उमलत नाहीत. खालून वर, एकेक, दोनदोन. खालचं गळतं तोवर वरची कळी तयार. एकच दांडा नवरात्रापर्यंत पुरला. मागून शेंगा धरल्या. फोडल्या तर आत बी म्हणावं असं काही नाही, नुसती पिवळसर धूळ. आमरीच्या बियांत शिदोरीच नसते. ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच रुजतात. तरी कुंडीत पेरून पाहिली. काही उगवलं नाही. वाढ होते ती जुन्या कंदांच्या बगलेतून. दोनाचे आता सात झालेत.

काका फुलं बघायला आले. वाफ्याभोवती फिरले, विटा चाचपल्या, निचऱ्यावर समाधान व्यक्त केलं. मग विचारलं, "अन् याचं करता काय? शिजवून दयता येत नाही?"

"नाही हो."

"मंग नुसतं पाहाचं?" म्हणाले, आणि तिथल्या पायरीवर टेकून पाहत बसले.