ईशानचा नंबर आणि तुझी तपासणी

सांगली

प्रिय वैशाली,

ईशानला उणे दोनचा नंबर लागल्याचं वाचलं. ‘आमच्या घरात लहानपणी कुणालाच चष्मा नव्हता, मग यालाच कसा?’ असं विचारलंस. अगं, सिंगापुरात राहतेस तू! तिथल्या तरुण मुलांत दहांतल्या जवळजवळ आठांना लांबचं धूसर दिसतं. सारखं घरात बसून जवळचं बघत वाढणाऱ्या मुलांचा डोळा मागच्या बाजूला लांबत जातो आणि प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते. लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. तो लांबायचा वेग कमी करायचा, एवढंच आपल्या हातात असतं.

सासूबाई रोज गाजराचा रस देतायत म्हणालीस, तर देऊ देत. अ जीवनसत्त्व डोळ्यांना लागतंच. पण पोटभर जेवणाऱ्या मुलाचा नंबर गाजराने उतरत नाही. ‘चष्म्याची सवय लागते, सारखा लावू नको’ हे मात्र त्यांना मुळीच ऐकू नकोस. चष्म्याने नंबर वाढत नाही आणि मुद्दाम कमी नंबर दिल्याने थांबतही नाही. डॉक्टरांनी रात्री घालायला दिलेले अ‍ॅट्रोपिनचे थेंबही चुकवू नकोस.

मला खरी काळजी वाटते ती आर्याची, कारण तिला अजून नंबर नाही. दिवसाउजेडी बाहेर राहण्याचा मोठा फायदा होतो तो नंबर लागायच्या आधीच. चीनमधल्या ग्वांगझौच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जादा मैदानावर सोडलं. तीन वर्षांनी पाहिलं, तर इतर शाळांत शंभरांतल्या साधारण चाळीस मुलांना नंबर लागला होता, या शाळांत तिसांना. 2015 साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तैवानने तर 2010 पासून शाळकरी मुलांसाठी रोज दोन तास बाहेर असा कार्यक्रमच आखला. घरातला दिवा कितीही लखलखीत असू दे, बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा त्याच्या कितीतरी पट उजेड असतो. त्या उजेडाने पडद्यात डोपामिन तयार होतं आणि ते डोळ्याच्या लांबण्याला आवर घालतं, असं मानतात. म्हणून पोरीला पियानोच्या क्लासला घाल हवं तर, पण संध्याकाळचं खेळणं मोडू नकोस. टोपी घालून खेळली तरी चालेल.

तुझे डोळे चुरचुरतात ते स्क्रीनकडे टक लावून बघताना पापण्या लवायच्या कमी होतात म्हणून. वीस मिनिटांनी मान वर करून वीस सेकंद खिडकीबाहेर लांब बघ, पापण्या पूर्ण मिटून उघड आणि एसीचा झोत तोंडावर घेऊ नकोस. इथून जाताना लाल डोळ्यांवरचे थेंब मेडिकलमधून घेऊन गेली होतीस ना? त्यात स्टेरॉइड असेल तर फेकून दे. बरं वाटतं म्हणून महिनोन्महिने घातले तर डोळ्यातलं प्रेशर वाढतं, मोतीबिंदूही होतो.

प्रेशरवरून मुद्द्याचं सांगते. परवा काकूंकडे, म्हणजे तुझ्या आईकडे, गेले होते. चहाचा कप त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला आणि त्या समोर बघत ‘चहा आणतेस ना?’ म्हणाल्या. काचबिंदूने बाजूचं दिसणं आधी जातं. दुखत नाही, खुपत नाही, समोरचं वाचता येतं, म्हणून कळतच नाही. आणि गेलेली नजर परत येत नाही. आता त्या थेंब नेमाने घालतात. खालची पापणी ओढून एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरतात, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरं औषध पाच मिनिटांनी.

आईला काचबिंदू म्हणजे तुलाही धोका जास्त, आणि तू चाळिशी ओलांडली आहेस. नुसता चष्म्याचा नंबर काढून येऊ नकोस. प्रेशर मोजायला सांग, बाहुली मोठी करून मागची नस बघायला सांग. त्यानंतर काही तास जवळचं नीट दिसत नाही, तेव्हा परतीला गाडी चालवू नकोस. तारीख मिळाली की आधी काकूंना फोन कर. मी गेले की त्या पहिलं तेच विचारतात.

तुझी,
सुनीता